साठा आणि संपत्ती : एका वायुक्षेत्राचे दोन वारसदार

संगमनेरच्या खाली ओझर बंधाऱ्यापासून प्रवरेचे डावा व उजवा असे दोन कालवे निघतात. पाऊस पडतो तो अकोले तालुक्यातील डोंगरांत. १९२६ मध्ये पूर्ण झालेले भंडारदऱ्याचे धरणही तेथेच. परंतु त्या पाण्याचे ऊस आणि साखर या रूपाने मोल झाले ते प्रामुख्याने कालव्यांच्या लाभक्षेत्रात. ‘संपत्ती’ या शब्दाच्या मुळाशी ‘सम् + पद्’ हा धातू असून त्याचा अर्थ सिद्धीस जाणे, फलद्रूप होणे असा आहे. व्युत्पत्ती प्रमाण मानली, तर जे अद्याप सिद्धीस गेलेले नाही ते केवळ ‘साठा’ होय. या भेदाचे सर्वांत मोठे उदाहरण इराणच्या आखातातील नैसर्गिक वायूच्या इतिहासात सापडते.

१९७१ मध्ये, म्हणजे कतार स्वतंत्र झाले त्याच वर्षी, शेल कंपनीला त्या देशाच्या समुद्रात एक प्रचंड वायुक्षेत्र आढळले. त्याचाच उत्तरेकडील भाग आपल्या हद्दीत असल्याचे इराणला १९९० मध्ये उमगले. सुमारे ९,७०० चौरस किलोमीटरांच्या या एकाच क्षेत्रापैकी ६,००० कतारकडे व ३,७०० इराणकडे आहेत. इराणमध्ये इतरही वायुक्षेत्रे असल्याने २०२० अखेरच्या आकडेवारीत त्याचा एकूण सिद्ध साठा सुमारे ३२ लक्ष कोटी घनमीटर, तर कतारचा सुमारे २५ लक्ष कोटी घनमीटर होता. साठ्यालाच संपत्ती मानावयाचे, तर इराण अधिक श्रीमंत ठरतो.

प्रत्यक्षात घडले ते निराळे. कतारची लोकसंख्या त्या काळी जेमतेम लाखाच्या आसपास. एवढा वायू घरी खपणे अशक्य होते आणि मोठ्या बाजारपेठा समुद्रापार होत्या. तेव्हा वायू उणे १६२ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करून द्रवरूप करावयाचा, म्हणजे त्याचे आकारमान सुमारे सहाशेपटींनी घटते, आणि तो जहाजांतून न्यावयाचा, हा खर्चिक मार्ग त्या देशाने पत्करला. त्यासाठी परकीय भांडवल घेतले व ग्राहकांशी दीर्घ मुदतीचे करार केले. १९९६ च्या अखेरीस पहिले जहाज जपानकडे निघाले. पुढील पंधरा वर्षांत द्रवीकरणाची क्षमता वर्षाला ७ कोटी ७० लक्ष टनांवर गेली.

इराणपुढील परिस्थिती वेगळी होती. १९७९ ची क्रांती, १९८० ते १९८८ चे इराकशी युद्ध आणि १९९६ च्या अमेरिकी निर्बंध कायद्यामुळे आटलेले परकीय भांडवल, यांमुळे आपल्या भागातून वायू काढण्यास त्याला २००२ साल उजाडले. द्रवीकरणाचे प्रकल्प योजले गेले, पण तडीस गेले नाहीत. निघालेला बहुतेक वायू देशातच, अत्यल्प दराने, घरे उबदार ठेवण्यास, विजेस व कारखान्यांस खर्ची पडला. तो वाया गेला असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. कोट्यवधी घरांतील चुलींचे मोल निर्यातीच्या हिशेबात दिसत नाही. तथापि स्वस्ताईमुळे उधळपट्टी वाढली, आणि एवढा साठा असूनही त्या देशास हिवाळ्यात वायूची टंचाई भासू लागली, हेही तितकेच खरे.

या दोन्ही शेजाऱ्यांशी भारताने व्यवहार केला. १९९९ मध्ये कतारशी झालेल्या करारानुसार जानेवारी २००४ मध्ये गुजरातमधील दहेज बंदरात पहिले जहाज लागले. २००५ मध्ये इराणशी वर्षाला ५० लक्ष टनांचा करार झाला. त्यातील एकही टन आला नाही. इराणच्या समुद्रातील फर्जाद-ब हे क्षेत्र भारतीय कंपन्यांनी शोधले, परंतु २०२१ मध्ये त्याच्या विकासाचे काम एका इराणी कंपनीकडे गेले.

परक्यांचा हा इतिहास महाराष्ट्रास अपरिचित नाही. मुंबईजवळच्या समुद्रात ‘सागर सम्राट’ या जहाजाने १९७४ मध्ये बॉम्बे हाय क्षेत्रात तेल शोधले व १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. तेलासोबत येणारा वायू वाहून नेण्याची व वापरण्याची पुरेशी सोय आरंभी नसल्याने त्यातील बराचसा समुद्रावरच जाळून टाकावा लागे. उरणपर्यंत नळ आले, अलिबागजवळ थळ येथे खताचा कारखाना उभा राहिला, तेव्हा त्याच वायूपासून अमोनिया व अमोनियापासून युरिया होऊ लागला. काल जी ज्वाळा होती ती आज नत्र झाली. वायूचा गुणधर्म बदलला नव्हता. बदलली होती ती व्यवस्था.

संगमनेर तालुक्यातील उसाच्या सरीत पडणारा युरिया हे या साखळीचे अखेरचे टोक होय. २०१८ पासून ४५ किलोंच्या गोणीची मूळ विक्रीकिंमत २४२ रुपये ठरलेली आहे. वायू महागला तरी ती आपोआप वाढत नाही. फरक सरकारी तिजोरी सोसते. म्हणजे येथेही वायूचे मूल्य बाजार एकटा ठरवीत नाही. इराणमधील स्वस्त वायू व येथील स्वस्त युरिया यांत या दृष्टीने साम्य आहे : दोन्हींचा लाभ सामान्य माणसापर्यंत पोहोचतो, दोन्हींत अपव्ययाचा धोका आहे, आणि दोन्हींची खरी किंमत अन्यत्र कोणीतरी चुकवीत असतो.

यास्तव दोन देशांच्या वायुसंपत्तीची तुलना करताना साठ्यांचे कोष्टक हा केवळ आरंभ समजावा. वायू कोणत्या वाटेने गेला, कोणी वापरला, आणि त्याचा भार कोणाच्या माथी पडला, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावाचून ती तुलना पुरी होत नाही.