सिंदी ते आंजी: आरोग्यशास्त्राला आख्यान कसे मिळाले

१/ वर्धा जिल्ह्यातील आंजी (मोठी) येथील प्राथमिक आरोग्य केंद्राचा परिसर हे सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचे जुने कार्यक्षेत्र. तेथे जाणाऱ्या प्रत्येक तरुण डॉक्टरापुढे एकच कोडे असते. ‘नवजात बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून अधिक वेळा चालत असेल तर धोका’ हे वाक्य परीक्षेत गुण मिळवून देते, पण ओसरीवर बसलेल्या आजीला काहीच सांगत नाही. बाळाला दवाखान्यात न्यायचे की नाही, हे मात्र बहुधा तीच ठरवते.

२/ या कोड्याचा इतिहास याच जिल्ह्यात सापडतो आणि तो एका अपयशापासून सुरू होतो. १९३५ च्या सुमारास गांधीजी वर्ध्याच्या मगनवाडीत राहत होते. महादेवभाई देसाई, मीराबेन आणि इतर सहकारी शेजारच्या सिंदी गावात जाऊन रस्त्यावरचा मैला उचलत. (रेल्वे स्थानकाचे सिंदी वेगळे, हे वर्ध्याला लागून असलेले.) मैला मातीखाली गाडावा, त्याचे खत करावे, हे शास्त्र निर्दोष होते. प्रात्यक्षिकही नित्याचे होते. गावकरी मात्र बहुतांशी पाहत राहिले आणि सवय फारशी बदलली नाही.

३/ उणीव कोठे होती? मराठी मुलखात अवघड विषय लोकांपुढे मांडण्याची एक रीत शतकानुशतके रुळलेली होती. नारदीय कीर्तनाच्या पूर्वरंगात सिद्धान्ताचे निरूपण होते आणि उत्तररंगात तोच सिद्धान्त आख्यानातून माणसांच्या आयुष्यात उतरतो. पूर्वरंग ऐकताना पेंगणारा श्रोता आख्यानाला जागा होतो, हे प्रत्येक कीर्तनकार जाणतो. सिंदीत पूर्वरंग होता, झाडूही होता; आख्यान नव्हते.

४/ त्याच काळात शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचे गाडगे महाराज (जन्म १८७६) या तिन्ही गोष्टी एकत्र गुंफत होते. दिवसा गावाचे रस्ते झाडायचे, रात्री त्याच गावात कीर्तन करायचे. शास्त्रोक्त पूर्वरंग-उत्तररंगाची चौकट त्यांनी पाळली नाही. वऱ्हाडी बोलीत ते श्रोत्यांनाच प्रश्न विचारत आणि समुदाय एका सुरात उत्तर देई. घाण, दारू, कर्ज काढून केलेले सण, या साऱ्यांचा हिशेब श्रोत्यांच्याच तोंडून निघे. स्वतः दिलेले उत्तर नाकारणे माणसाला जड जाते. त्यांच्या परिणामाचे श्रेय केवळ विनोदाला देणाऱ्यांच्या नजरेतून ही रचना निसटते.

५/ तुकडोजी महाराजांनी हेच सूत्र ग्रंथात आणले. १९३६ मध्ये ते सेवाग्रामला गांधीजींच्या सहवासात राहिले होते. पुढे १९५५ मध्ये आलेल्या ‘ग्रामगीते’च्या ४१ अध्यायांत ग्रामशुद्धी आणि ग्राम-आरोग्य यांना स्वतंत्र अध्याय आहेत. विषय रूक्ष, पण मांडणी ओवीबद्ध. मध्येच श्रोता शंका काढतो आणि वक्ता तिचे निरसन करतो. खेड्याच्या स्वच्छतेचे पाठ्यपुस्तक पारायणाच्या ग्रंथासारखे वाचले जावे, ही कल्पनाच विलक्षण होती.

६/ आता पुन्हा आंजी. २००३ पासून आंजी, गौळ आणि तळेगाव या तीन प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या ६७ गावांत सेवाग्रामच्या संस्थेने बालजीवित्वाचा लोकाधारित कार्यक्रम चालवला. नवजात बाळातील धोक्याच्या खुणा मातांना ओळखता याव्यात, हा त्यातला एक भाग. या कामात एक गोष्ट उघड होते. व्याख्यान कोऱ्या पाटीवर पडत नसते. बाळ दूध ओढेनासे झाले, अंग गार पडले, तर ‘बाहेरची बाधा’ हे स्पष्टीकरण घरात आधीच हजर असते. त्यात कारण आहे, पात्रे आहेत, उपाय आहे आणि शेवटही आहे. म्हणजे तेही आख्यानच. ते केवळ आकड्याने हटत नाही.

७/ म्हणून त्याच्यासमोर दुसरे आख्यान उभे करावे लागते आणि त्यातील घटनाक्रम वैद्यकशास्त्राला धरून असावा लागतो. सकाळी बाळाने स्तन सोडला, दुपारी पाय गार लागले, संध्याकाळी बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या. आता गाडी कोणाची, पैसे कोणाकडे, सोबत कोण? गाडगे महाराजांप्रमाणे येथेही प्रश्न सभेलाच टाकायचा आणि उत्तर बायकांनीच द्यायचे. ६० चा आकडा आशा सेविकेने घड्याळ लावून मोजायचा. आजीच्या लक्षात राहायला हवे ते एवढेच की सकाळी दूध सोडलेल्या बाळाला घेऊन संध्याकाळची वाट पाहायची नसते.