श्वानाची साक्ष

रात्री आळीच्या तोंडाशी कुत्रे गळा काढून रडू लागले, की घरातील वडीलधारे माणूस अंथरुणावर उठून बसते आणि कुणाला तरी काठी देऊन बाहेर पिटाळते. त्यातून आळीत कोणी आजारी असेल तर बोलावयासच नको. रोग्याच्या कानावर ते रडणे गेलेले असते, आणि उशापायथ्याशी बसलेल्यांचे चेहरे पडलेले त्याला दिसतही असतात. वैद्यडॉक्टरांनी चार दिवस खपून जो धीर आणलेला असतो, तो या एका आवाजासरशी नाहीसा होतो. म्हणून कुत्र्याला माणसाच्या मरणाची चाहूल लागते काय, हा प्रश्न आम्ही क्षुल्लक मानीत नाही. शिवाय त्याला इतिहास आहे, आणि तो तीन हजार वर्षांचा आहे.

प्रथम प्रश्नाची फोड केली पाहिजे. मरण येण्यापूर्वी कुत्र्याला ते कळते काय, हा एक प्रश्न. मरण आले आहे की नाही हे त्याला ओळखता येते काय, हा दुसरा. आणि धनी गेल्यावर त्याला दुःख होते काय, हा तिसरा. लोक एकाचा पुरावा दुसऱ्यासाठी देतात आणि सगळा घोटाळा होतो. उदाहरणार्थ, रायगडावरील वाघ्याची कथा तिसऱ्या प्रश्नातली आहे. समाधीजवळ त्याचे स्मारक १९३६ मध्ये उभे राहिले. महाराजांचे निर्वाण १६८० मधले. त्या काळच्या विश्वसनीय कागदांत या कथेला आधार मिळत नाही. कथा कोणाला कितीही प्रिय असो, तिला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करता येत नाही.

आता मागे जाऊ. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात यमाच्या दोन कुत्र्यांचे वर्णन आहे. ते सरमेचे पुत्र, मृतांच्या वाटेचे राखणदार, आणि माणसांच्या मागून हिंडणारे. त्यांना दोन विशेषणे लावली आहेत: ते चार डोळ्यांचे आहेत आणि रुंद नाकाचे आहेत. रुंद नाकाची गोष्ट श्रोत्यांनी लक्षात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे. चार डोळ्यांचे कोडे मात्र इराणात गेल्यावर सुटू लागते. पारशी बांधवांच्या वेंदिदाद या ग्रंथात प्रेताजवळ चार डोळ्यांचा कुत्रा आणावा असे सांगितले आहे, आणि परंपरेने त्याचा अर्थ, डोळ्यांवर दोन ठिपके असलेला कुत्रा, असा केला जातो. तसली कुत्री आपल्याही गल्लीत हिंडताना दिसतात. परलोकाच्या चिन्वत पुलापाशी कुत्रे असतात, असेही तोच ग्रंथ सांगतो. भारतीय आर्य आणि इराणी आर्य वेगळे होण्यापूर्वीची ही समजूत असावी, असे मानण्यास यावरून बळकट आधार मिळतो.

प्रेतावर कुत्र्याची नजर पाडण्याच्या या विधीला सगदीद म्हणतात. सग म्हणजे कुत्रा, दीद म्हणजे दृष्टी. प्रेताला स्नान घालून वस्त्रे नेसविली की कुत्रा आणावयाचा, आणि प्रेत घरात असेतोवर दिवसाच्या प्रत्येक नव्या प्रहरकाळी हा विधी पुन्हा करावयाचा. त्याने मृतदेहावर झडप घालणारी अपवित्र शक्ती पळते, असा धर्मग्रंथाचा भाव. परंतु मुंबईचे विद्वान डॉ. जीवनजी जमशेदजी मोदी यांनी पारशी अंत्यविधींचे विवेचन करताना आणखी एक समजूत नोंदविली आहे. देहात प्राण उरला आहे की नाही, हे असल्या ठिपकेदार कुत्र्याला ओळखता येते, अशी ती समजूत. म्हणजे हा आपला दुसरा प्रश्न झाला. छातीला लावावयाची नळी १८१६ पर्यंत जगात नव्हती. नाडी लागेना, श्वास जाणवेना, एवढ्यावर निवाडा करावा लागे, आणि जिवंत माणसाला मेलेले समजण्याचे भय सर्वच देशांत होते. अशा वेळी ज्याचे नाक आणि कान आपल्याहून तीक्ष्ण, त्याची साक्ष काढावी असे माणसाला वाटले, तर त्याला वेडगळ म्हणण्यास आम्ही तयार नाही.

या साक्षीदारासाठी मुंबईत एकदा दंगलही झाली. मोकाट कुत्री ठराविक हंगामात मारावी, असा नियम कंपनी सरकारने १८१३ मध्ये केला होता. १८३२ मध्ये ती मुदत वाढविण्यात आली. मारलेल्या कुत्र्यामागे पैसे मिळत असल्याने शिपाई पाळीव कुत्र्यांनाही सोडीत नाहीत, अशी लोकांची तक्रार होती. ६ जून रोजी कोटात कुत्री मारणाऱ्या शिपायांवर जमाव चालून गेला. त्यात पारशी पुढे होते. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद पडली, हिंदू व्यापारीही सामील झाले, आणि कुलाब्याच्या फौजेला जाणारी रसद अडली. लष्कर आणून जमाव पांगवावा लागला. पुढे कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर नेऊन सोडावीत, अशी तडजोड निघाली. सरकारच्या लेखी ती उपद्रवी जनावरे होती. लोकांच्या लेखी ती शेवटच्या प्रवासाच्या वाटेवर उभी होती. हा फरक न ओळखल्याचे फळ राज्यकर्त्यांना मिळाले.

परंतु पुष्कळ लोकांनी मानले म्हणून गोष्ट खरी ठरत नाही. तेव्हा आता त्या रुंद नाकाकडे वळू. २००४ मध्ये इंग्लंडात एक प्रयोग प्रसिद्ध झाला. सहा कुत्र्यांना सात महिने शिकवून, मूत्राच्या सात नमुन्यांतून मूत्राशयाच्या कर्करोग्याचा एक नमुना ओळखावयास लावले. नुसत्या योगायोगाने शंभरात चौदा वेळा बरोबर आले असते. कुत्र्यांचे ५४ पैकी २२ वेळा, म्हणजे शंभरात एक्केचाळीस वेळा, बरोबर आले. गंमत अशी, की रोगमुक्त समजून ठेवलेल्या एका नमुन्यावर ती पुनःपुन्हा बोट ठेवीत होती. त्या माणसाची फेरतपासणी केली, तेव्हा मूत्रपिंडात कर्करोग सापडला! रोगाला वास असतो आणि तो कुत्र्याला येतो, याबद्दल आता शंकेला फारशी जागा नाही.

मरणोन्मुख देहातही बदल होतातच. अन्न सुटते, त्यामुळे श्वासाचा वास पालटतो. श्वासाची लय तुटक होते. हातपाय गार पडतात. अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधील एका शुश्रूषागृहात ऑस्कर नावाचे मांजर ज्यांचा शेवट जवळ आला आहे अशांच्या बिछान्यावर जाऊन बसे. तेथील डॉ. डेव्हिड डोसा यांनी २००७ मध्ये त्याचे वृत्त वैद्यकीय नियतकालिकात दिले, तोवर पंचवीसहून अधिक मृत्यूंच्या वेळी ते हजर होते. मांजराला जे जमते ते त्याहून घरोब्याच्या कुत्र्याला जमणे अशक्य नाही. मात्र यात भविष्यज्ञान नाही. जे घडू लागले आहे तेच त्याला आपल्या आधी कळते, आणि तेही जवळ असेल तरच.

जवळ असेल तरच, यावर आमचा भर आहे. टोकियोचे प्राध्यापक उएनो २१ मे १९२५ रोजी कामाच्या ठिकाणी एकाएकी वारले. त्यांचा हाचिको हा कुत्रा त्यानंतर पावणेदहा वर्षे, स्वतः मरेपर्यंत, शिबुया स्थानकावर त्यांची वाट पाहण्यास जात असे. ही निष्ठेची साक्ष खरी. पण धनी मेला हे त्याला दुरून कळले असते, तर त्याने वाट कशाला पाहिली असती?

मग आळीच्या तोंडाशी रडणाऱ्या त्या कुत्र्याचे काय? कुत्रे रडते ते आपल्या जातभाईंना हाक घालण्यासाठी, भोंग्याला ओ देण्यासाठी, एकटे पडले म्हणून. ते वर्षातून किती रात्री रडले याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. ज्या रात्रीनंतर घरातून तिरडी उठली, ती एकच रात्र जन्मभर ध्यानात राहते. रस्त्यावरच्या कुत्र्याला माडीवरच्या रोग्याचे मरण दिसते, ही आमच्या मते अशा चुकलेल्या हिशेबाचीच गोष्ट आहे.

सारांश, आपला व्यवहार नेमका उलटा चालला आहे. बाहेरच्या कुत्र्याचे रडणे आपण खरे मानतो, आणि घरातले कुत्रे रोग्याच्या खाटेजवळून हलेना, की अमंगळ म्हणून त्याला बाहेर बांधतो. वस्तुतः पहिल्याकडे दुर्लक्ष करावे आणि दुसऱ्याकडे लक्ष द्यावे. ते अस्वस्थ झाले तर रोग्याची नाडी पाहावी, डॉक्टरांना बोलवावे. आणि डॉक्टरांनीच आशा सोडली असेल, तर त्याला तेथेच बसू द्यावे. युधिष्ठिराने स्वर्गाच्या दाराशीदेखील बरोबरच्या कुत्र्याला टाकले नाही, असे आपण मुलांना मोठ्या अभिमानाने सांगतो. निदान घराच्या दाराशी तरी आपण त्याला टाकू नये.