बदलत्या कोनाचा प्रचालक : शोध आणि स्वीकार यांमधील काळ

१९२४ साली हेन्री हेल-शॉ व टी. ई. बीचम या इंग्लंडमधील अभियंत्यांनी तेलाच्या दाबाने पात्यांचा कोन बदलणाऱ्या प्रचालकाचे, म्हणजे विमानाच्या प्रॉपेलरचे, पेटंट घेतले. तरीही १९४० च्या उन्हाळ्यात ब्रिटनच्या अनेक लढाऊ विमानांवर एंजिनाची गती आपोआप स्थिर राखणारा प्रचालक नव्हता. या विलंबाचे खापर अधिकाऱ्यांच्या सनातनी वृत्तीवर फोडले जाते. ते सर्वस्वी न्याय्य नाही.

जमिनीवरून उठताना विमान संथ असते. तेव्हा पात्यांचा कोन लहान असला, तरच एंजिन पूर्ण गतीने फिरून आपली सारी शक्ती देते. वेगात तोच कोन राहिल्यास एंजिन मर्यादेबाहेर फिरू लागते. अचल पात्यांचा कोन ही या दोन गरजांमधील तडजोड होय. द्विपंखी विमानांचा उठतानाचा व कमाल वेग यांत फार अंतर नव्हते, तोवर ती खपून गेली. जड यंत्रणा वाहण्यास कोणी तयार नव्हते, यात नवल नाही. धातूच्या एकपंखी विमानांनी हे अंतर वाढविले. १९३३ च्या बोइंग २४७ ला उंचावरील विमानतळांवरून उठणे जड जाऊ लागले, तेव्हा अमेरिकेतील फ्रँक कॉल्डवेल यांचा प्रचालक उपयोगी पडला. १९३४ ची इंग्लंड-मेलबर्न शर्यत जिंकणाऱ्या कॉमेट विमानाच्या प्रचालकात तर उड्डाणापूर्वी सायकलच्या पंपाने हवा भरीत! वेग येताच ती सुटून कोन मोठा होई. पुन्हा लहान करणे मात्र जमिनीवरच शक्य होते.

खरी किल्ली गव्हर्नरमध्ये होती. एंजिनावर फिरणारी दोन लहान वजने गती वाढताच बाहेर फेकली जातात व तेलाची झडप सरकवितात. कोन मोठा होतो, एंजिनावरील भार वाढतो, गती पूर्ववत होते. वैमानिकाने एका दांड्याने गती ठरवावयाची, दुसऱ्याने एंजिनात जाणारे मिश्रण. शक्ती वाढविताना आधी गती, कमी करताना आधी मिश्रण, हा क्रम चुकल्यास एंजिनावर नको तितका ताण येतो.

१९४० मधील बहुसंख्य स्पिटफायरवर मात्र दोनच कोनांचा प्रचालक होता व निवड वैमानिकाच्या स्मरणावर सोपविलेली होती. डग्लस बेडर यांच्यासारखा कसलेला वैमानिकही त्या वर्षी मोठ्या कोनावरच उठू पाहून विमान मोडून बसला. येथे मात्र यंत्रणेच्या वजनाची सबब चालत नाही. हेल-शॉ-बीचम पेटंटांच्या आधारे प्रचालक बनविणारी रोटोल कंपनी १९३७ मध्येच उभी राहिली होती. जून १९४० च्या अखेरीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत डी हॅविलंडच्या तंत्रज्ञांनी हवाई तळांवर जाऊन १,००० हून अधिक लढाऊ विमानांवर गव्हर्नर बसविले. हे काम लढाई सुरू असताना सात-आठ आठवड्यांत उरकले, यावरूनच त्याआधीच्या तीन वर्षांच्या दिरंगाईला तांत्रिक कारण नव्हते हे उघड होते.