गाठरोधक प्रथिने आणि मेंदूचा कर्करोग

पेशींच्या विभाजनाला लगाम घालणाऱ्या प्रथिनांना गाठरोधक प्रथिने म्हणतात. ती निकामी झाली की पेशी अनिर्बंध वाढतात. मेंदूच्या कर्करोगात हे ठळकपणे दिसते.

या प्रथिनांच्या शोधाची सुरुवात डोळ्याच्या कर्करोगापासून झाली. 1971 मध्ये आल्फ्रेड नूडसन यांनी लहान मुलांच्या दृष्टिपटलावरील गाठीचा अभ्यास करून असे मांडले की, जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्यावरच गाठ होते. 1986 मध्ये ते आरबी जनुक हाती लागले. पी53 हे प्रथिन 1979 मध्येच सापडले होते; पण दहा वर्षे ते कर्करोग वाढवणारे मानले गेले. ते मुळात गाठ रोखणारे आहे, हे 1989 मध्ये स्पष्ट झाले. जनुकांना इजा झाली की पी53 विभाजन थांबवते. इजा भरून येत नसेल तर ती पेशी नष्ट करवते. 1997 मध्ये पीटेन सापडले. ते पेशीला मिळणारे वाढीचे संकेत रोखते. 2008 मध्ये ग्लायोब्लास्टोमा या मेंदूतील अतिशय घातक गाठीच्या नमुन्यांची व्यापक तपासणी झाली. त्यांपैकी 87 टक्के नमुन्यांत पी53 च्या, तर 78 टक्के नमुन्यांत आरबीच्या साखळीत बिघाड आढळला.

महाराष्ट्रात कर्करोग उपचाराचा पाया मुंबईत परळला घातला गेला. तेथे 1941 मध्ये टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले आणि 1952 मध्ये डॉ. वसंत खानोलकर यांच्या नेतृत्वाखाली संशोधन केंद्र उभे राहिले. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात समित चट्टोपाध्याय यांच्या गटाने स्मार1 या गाठरोधक प्रथिनावर काम केले. ते पी53 ला स्थिर व सक्रिय करते, असे 2005 मध्ये दाखवले. त्याच संस्थेत अंजली शिरस यांच्या गटाने ग्लायोब्लास्टोमाच्या मूळपेशींचा अभ्यास केला.

उपचाराची सोय मुंबईबाहेरही झाली. परभणी जिल्ह्यातील रुग्णांना मुंबईपेक्षा जवळ पडेल असे शासकीय कर्करोग रुग्णालय 2012 मध्ये औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, सुरू झाले.

आता निदानातही गाठरोधक प्रथिनांना स्थान आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या वर्गीकरणानुसार, आयडीएच जनुकात बदल असलेल्या अ‍ॅस्ट्रोसायटोमा या मेंदूच्या गाठीत पी16 या गाठरोधक प्रथिनाच्या जनुकाच्या दोन्ही प्रती नाहीशा झाल्या असतील, तर गाठ सूक्ष्मदर्शकाखाली सौम्य दिसली तरी ती चौथ्या, म्हणजे सर्वांत घातक, श्रेणीची ठरते. उपचार मात्र अवघड आहे. अति सक्रिय प्रथिनाला औषधाने अडवता येते. नाहीसे झालेले प्रथिन प्रत्येक रोगट पेशीत परत आणणे त्याहून कितीतरी कठीण असते.