गोठणाऱ्या फुलाच्या अंतरंगात

मीरा-भाईंदरच्या मुर्धा गावात फुलावर हिम पडलेले कुणी पाहिले नसेल. हा खाडीकाठचा, मिठागरांचा मुलूख. पण बर्फ आणि मीठ यांचे नाते आपल्या परिचयाचे आहे. आइस्क्रीमच्या पॉटात बर्फावर मीठ टाकले की गारवा शून्याखाली उतरतो, कारण खारे पाणी लवकर गोठत नाही. झाडाच्या पेशीतला साखरेचा रसही याच न्यायाने थंडीपुढे तग धरतो. पण थोडाच!

सफरचंदाच्या उमललेल्या फुलाला उणे 2 अंशांच्या सुमारास इजा होऊ लागते. पाकळ्या टवटवीत दिसतात आणि आतले बीजांड मात्र मेलेले असते. फूल कापून पाहावे, तर ते फूल गेलेच. आपल्या निफाडचा बागाईतदारही थंडीच्या लाटेत पहाटे शेकोट्या पेटवतो. त्याला घोर द्राक्षमण्यांचा, सफरचंदवाल्याला फुलांचा, एवढाच फरक.

मग न कापता आत डोकवायचे कसे? याची वाट चुंबकाने दाखवली. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात ठेवलेली हायड्रोजनची अणुकेंद्रे रेडिओ लहरींना साद देतात, हे ब्लॉख आणि पर्सेल यांनी 1946 साली स्वतंत्रपणे मांडले. 1952 चे नोबेल दोघांना मिळाले. 1951 साली मद्यार्कातल्या हायड्रोजनच्या तीन निरनिराळ्या खुणा दाखवणाऱ्या स्टॅनफर्डच्या तिघांत एक होते धर्माट्टी. पुढे त्यांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या विद्येचा पाया घातला. 1973 साली लॉटरबर यांनी याच सादेतून चित्र काढले. मॅन्सफील्ड यांनी ती रीत पुढे नेली. 2003 चे वैद्यकाचे नोबेल त्या दोघांचे.

इस्पितळातले हे यंत्र फुलाच्या कामी येते, ते एका साध्या गोष्टीमुळे. वाहत्या पाण्याची साद टिकते, बर्फाची क्षणात विझते. म्हणून चित्रात पाणी उजळ आणि बर्फ काळा! थंडी वाढवत एकाच कळीची चित्रे घेत गेले, की अंधार कुठून शिरला हे कळते. 1997 साली जपानी संशोधकांनी मेपलच्या कळ्या अशा पाहिल्या. बाहेरचे खवले आधी गोठले, आतला फुलांचा अंकुर मात्र शून्याखालीही द्रवच राहिला.

हे अवजड यंत्र बागेत नेता येणार नाही. पण बर्फ कुठून शिरतो आणि कुठे अडतो हे कळले, तर काटक वाण पारखायला शास्त्रज्ञांना हाताशी काही लागते. शेकोटी पेटवून रात्र जागणाऱ्याला एवढा आधारही थोडा नव्हे.