तळटीप : गोविंदराव टेंबे

गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५). लेखकाने त्यांना नुसते ‘पेटीवाले’ म्हटले आहे. तेवढ्याने भागत नाही. भास्करबुवा बखल्यांची साथ करणाऱ्या गोविंदरावांनी १९११ साली ‘मानापमान’च्या पदांना चाली दिल्या. १९१३ साली बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्यासह गंधर्व नाटक मंडळी काढली. ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) या बोलपटात हरिश्चंद्राची भूमिका आणि संगीत, दोन्ही त्यांचेच. आता पेटीविषयी. पेटी आणि अकॉर्डियन एकाच कुळातली वाद्ये : भात्याच्या वाऱ्याने धातूची रीड थरथरते. दोन पट्ट्यांच्या मधला सूर पेटीत नसतो, त्यामुळे मींड निघत नाही. अशा वाद्यातून त्यांनी गायकी उभी केली. त्यांची थोरवी मला यातच दिसते. त्यांचे ‘माझा संगीत व्यासंग’ हे पुस्तक जिज्ञासूंनी जरूर वाचावे.