आधी पैसे की आधी माल?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गटाने फोनवर ऑर्डर घेऊन कुरडया, शेवया आणि काळा मसाला बाहेरगावी पाठवायला सुरुवात केली. माल पोचल्यावर पैसे, असं ठरलं होतं. चाळीस पार्सलं गेली, त्यांतली नऊ परत आली. कुणी दार उघडलं नाही, कुणी ‘आता नको’ म्हणालं, एकीचा तर फोनच लागेना. जाण्याचा आणि येण्याचा, दोन्ही खर्च गटाच्या माथी. मसाला पुन्हा विकता आला. कुरडयांचा मात्र भुगा झाला होता.

महिन्याच्या बैठकीत बराच वाद झाला. यापुढे आधी पैसे, मगच माल, असं काहीजणींचं म्हणणं. त्यावर कोपऱ्यात बसलेल्या आजी म्हणाल्या, “वस्तू हातात पडायच्या आधी तुम्ही तरी कुणाला पैसे देता का गं?” सगळ्या गप्प झाल्या. मग आम्ही ठरवलं, की दुसऱ्या देशांत घरबसल्या खरेदी करणाऱ्यांनी हा गुंता कसा सोडवला ते जरा वाचून बघू. वाचताना कळलं ते असं: उत्तर प्रत्येक देशाचं वेगळं आहे, आणि बऱ्याच ठिकाणी ते मोबाईल यायच्या कितीतरी आधी ठरून गेलेलं आहे.

अमेरिकेपासून सुरू करू. दीडशे वर्षांपूर्वी तिथल्या खेड्यांत बहुधा एकच दुकान असायचं आणि दुकानदार सांगेल तो भाव. शेतकरी वैतागले होते. खेडोपाडी माल विकत फिरलेल्या अ‍ॅरन माँटगोमेरी वॉर्ड या माणसाने हे जवळून बघितलं होतं. १८७२ साली त्याने शिकागोहून एका कागदावर १६३ वस्तूंची यादी छापली आणि शेतकऱ्यांना पाठवली. मधला दुकानदार नाही, म्हणून भाव कमी. पण न बघितलेल्या वस्तूवर विश्वास कोण ठेवणार? १८७५ साली त्याने छापून टाकलं, की समाधान झालं नाही तर पैसे परत. या एका शब्दावर लोक टपालाने खरेदी करायला धजले. पुढे सीअर्स नावाच्या कंपनीचं जाडजूड यादीपुस्तक घरोघरी गेलं. त्यात सुई होती, शिलाई मशीन होतं, पुढे तर अख्खं घर बांधायचं सामानही मिळू लागलं. १८९६ पासून सरकारी टपाल शेतावरच्या घरापर्यंत येऊ लागलं आणि १९१३ साली पार्सलंही टपालाने येऊ लागली.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. अमेरिकेच्या दक्षिण भागात काळ्या माणसाला दुकानात गोऱ्यांचं घेऊन होईपर्यंत ताटकळावं लागायचं, हलका माल गळ्यात मारला जायचा. यादीपुस्तकाला गिऱ्हाइकाचा रंग दिसत नव्हता. घरी बसून चिठ्ठी लिहायची, सगळ्यांना मिळतो तोच माल, तोच भाव. आपल्याकडे कुणाला दुकानाच्या पायरीखाली उभं राहून सामान घ्यावं लागलं, हे ज्यांच्या घरात अजून आठवतं, त्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको.

मग आलं क्रेडिट कार्ड. १९५८ साली कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहरात एका बँकेने न मागताच साठ हजार लोकांना कार्डं पोस्टाने धाडली. पुढे १९७४ साली कायदा झाला, की कार्डाच्या बिलात चूक असेल तर गिऱ्हाइकाने तक्रार करावी आणि निकाल लागेपर्यंत तेवढी रक्कम अडवून धरावी. म्हणजे आधी पैसे दिले तरी ते बुडायची भीती कमी झाली. त्याच वर्षी दुसराही एक कायदा आला. तोवर तिथल्या बँका लग्न झालेल्या बाईकडे नवऱ्याची सही सर्रास मागायच्या. १९७४ नंतर बाई आहे किंवा लग्न झालेली आहे म्हणून उधारी नाकारणं बेकायदा ठरलं. एवढ्या पुढारलेल्या देशात हे इतक्या उशिरा झालं, हे वाचून आम्ही दोनदा साल तपासलं. १९९३ साली सीअर्सने ते जाड पुस्तक बंद केलं आणि पुढच्याच वर्षी अ‍ॅमेझॉन कंपनी स्थापन झाली. पार्सल, परतीचा शब्द आणि कार्ड, तिन्हींची सवय लोकांना आधीच लागलेली होती. पुस्तकाच्या जागी पडदा आला, एवढंच.

जर्मनीत उलटं. युद्धात सगळं उद्ध्वस्त झाल्यावर १९४९ साली हँबर्गला ओटो नावाची कंपनी निघाली. तिचं पहिलं यादीपुस्तक हाताने बांधलेलं, प्रती अवघ्या ३००, आणि आत फक्त बूट, २८ जोड. तिने ठरवलं, की आधी माल पाठवू, सोबत बिल पाठवू, पैसे नंतर द्या. ती रीत तिथे अजून आहे. एकच झगा दोन मापांत मागवायचा, अंगाला बसेल तो ठेवायचा, दुसरा परत करायचा आणि राहिलेल्याचेच पैसे भरायचे. क्रेडिट कार्डाची मात्र जर्मन माणसाला फारशी ओढ नाही. त्यांच्या भाषेत कर्ज आणि अपराध या दोन्हींना एकच शब्द आहे म्हणे. मग बिलावर आणलेला झगा म्हणजे उधारीच नाही का, असं आमच्यातल्या एकीने विचारलं. तिचं चुकलं असं म्हणवत नाही.

जपानमध्ये १९७६ साली यामातो कंपनीने घरगुती पार्सलं पोचवायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी आली फक्त ११ पार्सलं. पण कंपनीची नजर घरच्या बायकांवर होती. गल्लीतल्या तांदळाच्या दुकानात पार्सल नेऊन द्या, पुढचं आम्ही बघतो, असं तिने सांगितलं आणि धंदा वाढला. तिच्या गाडीवर पिल्लू तोंडात धरलेल्या काळ्या मांजराचं चित्र असतं. आपल्याकडे ती गाडी आडवी गेली तर लोक दोन पावलं मागे सरतील. १९८७ पासून तिथल्या चोवीस तास उघड्या दुकानांत विजेचं बिल भरता येऊ लागलं. पुढे ऑनलाइन खरेदीही तशीच झाली: घरी वस्तू निवडायची, नंबर घ्यायचा आणि कोपऱ्यावरच्या दुकानात रोख पैसे भरायचे.

चीनमध्ये कार्डं कमी आणि अनोळखी माणसावर भरवसा त्याहून कमी. २००३ साली ताओबाओ हा ऑनलाइन बाजार सुरू झाला, पण सौदे होईनात. विकणारा म्हणे पैसे पाठव, घेणारा म्हणे माल पाठव. आमच्या बैठकीसारखंच! त्याच वर्षी त्यांनी तोडगा काढला. घेणाऱ्याने पैसे मधल्या कंपनीकडे ठेवायचे. पैसे आले असं कळल्यावर विकणाऱ्याने माल पाठवायचा. माल बघून घेणारा ‘ठीक आहे’ म्हणाला, की पैसे सुटणार. हेच अलीपे. लग्न ठरवताना मध्यस्थ असतो, तसा हा पैशांचा मध्यस्थ.

यातून खेडी बदलली. च्यांगसू प्रांतातल्या दोंगफेंग गावात लोक जुनं प्लॅस्टिक गोळा करून त्यावर पोट भरायचे. २००६ च्या सुमारास गावातल्या एका तरुणाने ऑनलाइन दुकान काढलं आणि पुढे लाकडी फर्निचर विकू लागला. शेजाऱ्याचं बघून शेजारी उतरला. सगळेच तेच कपाट करू लागले, तेव्हा भाव पाडायची चढाओढही लागली. शंभर घरांत तोच मसाला झाला तर आपल्याकडे काय होईल, ते इथे दिसतं.

आता आपलं घर. माल दारात आल्यावर पैसे द्यायची रीत कुणा मोबाईल कंपनीने आणलेली नाही. टपाल खात्याने १८७७ सालीच व्ही.पी. सुरू केली होती. पोस्टमनने पुडकं आणायचं, पैसे घ्यायचे आणि मगच ते हातात द्यायचं. जुन्या मराठी मासिकांतल्या जाहिराती बघा: पुस्तकं, औषधं, घड्याळं, सगळं व्ही.पी.ने. आणि व्ही.पी. न सोडवणारी गिऱ्हाइकंही तेव्हापासूनची. आमच्या नऊ पार्सलांचे पूर्वज चांगलेच जुने निघाले. २००७ साली बंगळूरमध्ये पुस्तकं विकत निघालेल्या फ्लिपकार्टनेही २०१० मध्ये हीच जुनी रीत धरली, कारण कार्ड फार थोड्यांकडे होतं. कार्ड नसलेल्या, बँकेत एकटीने न जाणाऱ्या बाईलाही डब्यातल्या पैशांतून साडी मागवता आली, ती यामुळेच. २०१६ साली यूपीआय आलं, तरी वस्तू हातात घेऊन मगच दारात स्कॅन करणाऱ्या आपल्यात पुष्कळ आहेत. त्यात गैर काही नाही. फक्त जोखीम सगळी विकणाऱ्यावर पडते, आणि मोठी कंपनी नऊ पार्सलं पचवते तशी दहा बायकांचा गट पचवू शकत नाही.

या वेळी आम्ही जपानचं तांदळाचं दुकान आणि चीनचा मध्यस्थ यांची सांगड घातली आहे. शेजारच्या तालुक्यातल्या एका बचत गटाकडे ऑर्डरींचा एकच गठ्ठा पाठवायचा. तिथली एक ताई गिऱ्हाइकाला माल दाखवून देईल, पैसे घेईल, पाकिटामागे पाच रुपये तिचे. कुणी नाही म्हटलं तर ते पाकीट तिथेच दुसरीला विकायचं. पंचवीस पाकिटं परवाच गेली.

आजींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “आणि त्या ताईने पैसे वेळेवर दिले नाहीत तर?” हा विषय पुढच्या बैठकीत पहिला घेतला आहे.